फणसळकर आणि एक्क्याऐंशी दिवे

फणसळकर कुणाच्याही घरी समारंभाला आले की त्यांच्या हातात अर्धा किलो मुगाची पिशवी असायची, आणि जाताना ती ते परत न्यायचे.

आम्ही डोंबिवलीत राहायला येऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. आमच्या मुलीचं बारसं होतं. तळमजल्यावरच्या फणसळकरांशी माझी ओळख तोवर जिन्यात मान हलवण्यापुरतीच. ते आले, हातातली चारी बाजूंनी शिवलेली कापडी पिशवी टेबलावर ठेवली आणि पाळण्याभोवती प्रदक्षिणा घालू लागले. सुमनने, म्हणजे माझ्या बायकोने, पिशवी चाचपली. आत मूग. रत्नागिरीकडची माणसं आहेर असा देत असतील, असं म्हणून तिने शिवण उसवली आणि मूग भिजत घातले.

अर्ध्या तासाने फणसळकर स्वयंपाकघराच्या दारात उभे. "वहिनी, माझी उशी कुठाय?"

सुमनने पातेल्याकडे बोट दाखवलं. बुडालेल्या नातेवाइकाकडे बघावं तसं त्यांनी त्या मुगांकडे बघितलं. ती उशी त्यांची नव्हती, त्यांच्या कॅमेऱ्याची होती. कॅमेरा त्यावर ठेवला की पाहिजे तसा वळतो, रुततो आणि हलत नाही. तूर का नाही, तर तूर घसरते. तांदूळ का नाही, तर तांदळाला पोरकिडे होतात आणि ते कॅमेऱ्यात शिरतात. हे सगळं त्यांनी मला त्याच उंबऱ्यात उभ्याउभ्या समजावलं. मग रव्याचा पुडा, घडी केलेला टॉवेल, वामकुक्षीची उशी असं सगळं करून बघून शेवटी त्यांनी कॅमेरा कणकेच्या गोळ्यावर ठेवला. पुऱ्यांना उशीर झाला. पण पाळण्यात झोपलेल्या मुलीचा तो फोटो आमच्याकडे अजून आहे. खिडकीतून येणारा दुपारचा फिकट उजेड तिच्या एका गालावर आहे आणि दुसरा गाल सावलीत आहे. तोवर मला वाटायचं, फोटोत सगळं दिसलं पाहिजे. हा पहिला फोटो, ज्यात अर्धंच दिसत होतं आणि तेवढं पुरत होतं.

त्यांचा कॅमेरा साबणाच्या वडीएवढा. पुतण्याने सिंगापूरहून आणलेला. नुसतं बटण दाबा, बाकी तो बघून घेतो, अशी त्याची ख्याती होती. फणसळकरांना ती मान्य नव्हती. "तो काय बघणार? त्याला डोळा एक आणि अक्कल अर्धी," ते म्हणायचे. उजेड कमी पडला की तो आपल्या मनाने फ्लॅश मारायचा. ते छोटं बटण दाबून फ्लॅश बंद करायचे. कॅमेरा मिटून पुन्हा उघडला की तो विसरायचा. मग ते पुन्हा बंद करायचे. एका बारशात त्यांनी ते वीसेक वेळा केलं असेल, वाह्यात मुलाचा हात पुन्हापुन्हा खाऊच्या डब्यातून काढावा तसं.

फ्लॅशवर त्यांचा राग का, तर त्यांच्या मते फ्लॅश म्हणजे झोपलेल्या माणसाच्या तोंडावर पाणी मारून त्याला 'खूश आहेस ना?' विचारण्यासारखं. "वीज पाडायची असेल तर दुसऱ्या कुणाला बोलवा," ते यजमानांना आधीच सांगून ठेवायचे.

आता उजेडाचं म्हणाल, तर आमच्या इमारतीत तो नव्हताच. आम्ही जागा घेतली तेव्हा पूर्वेला चिंचेचं झाड होतं. दोन वर्षांत तिथे दुसरी इमारत आली, इतकी जवळ की त्यांच्या फोडणीने आम्हाला ठसका लागायचा. तळमजल्यावर तर भर दुपारी ट्यूब लावावी लागे, आणि वीज गेली की तेही नाही. फणसळकर त्या काळोखात एकटेच राहायचे. कोलशेतच्या एका कारखान्यात ते ड्राफ्ट्समन होते. सकाळी कंपनीची बस त्यांना शीळफाट्यावरून घेऊन जायची आणि संध्याकाळी आणून सोडायची. येताना ते ठाण्याला उतरून चारशेचा, म्हणजे कमी उजेडात चालणारा, रोल घेऊन येत. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात शंभरचाच मिळायचा. "शंभरचा रोल उन्हासाठी असतो," ते मला म्हणाले. "आपल्याकडे ऊन कुठाय? आपल्याकडे बिल्डर आहेत."

कॅमेरा माझ्याकडेही होता, सासऱ्यांनी दिलेला. मुलीच्या शाळेच्या गॅदरिंगला मी बाराव्या रांगेतून, चांगला फ्लॅश मारून, तिचा कोळीनाच टिपला. रोल धुऊन आला तेव्हा स्टेजच्या जागी डांबर होतं आणि पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांचं टक्कल मात्र पौर्णिमेसारखं उगवलेलं. मी फोटो फणसळकरांना दाखवला. त्यांनी तो बराच वेळ न्याहाळला. "टक्कल छान आलंय," म्हणाले. मग समजावलं की या छोट्या फ्लॅशची धाव दहा फूट. त्याच्यापुढे तो जात नाही, नुसता प्रयत्न केल्याचं दाखवतो. मला माझ्या कचेरीतले काही लोक आठवले.

त्यांची शिकवणी अशी चालता-बोलता व्हायची. माणसाला खिडकीकडे आणा, खिडकी माणसाकडे येणार नाही. उशी नसेल तर भिंतीला पाठ टेका, कोपर बरगडीला लावा, श्वास सोडा, आणि सोडून झाल्यावर दाबा. दाबायचंही शक्यतो नाही, कारण त्यांच्या मते चांगल्या फोटोचा खरा शत्रू म्हणजे बोट. म्हणून ते सेल्फ-टायमर लावायचे. टायमर लावला की लोकांना वाटायचं, आता हे धावत येऊन आपल्यात उभे राहणार. सगळे सरकून जागा करत. फणसळकर तिथेच कॅमेऱ्यामागे हात बांधून उभे. त्यामुळे आमच्या सोसायटीच्या प्रत्येक ग्रुप फोटोत एक माणूस मावेल एवढी फट आहे.

आणि हे सगळं होईपर्यंत समोरच्यांनी हलायचं नाही. "वृक्ष व्हा," ते सांगायचे. एकदा आमच्या चेअरमनबाईंना त्यांनी वृक्ष व्हायला सांगितलं, आणि त्या बाईंचा बांधा असा की पुढचे सहा महिने फणसळकरांच्या गळक्या पाइपाची तक्रार कुणी घेतली नाही.

तर या माणसाचे माझ्यावर जे उपकार आहेत ते सांगायला मी बसलोय.

माझे वडील, अण्णा, एक्क्याऐंशीचे झाले. सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं. माझी धाकटी बहीण शैला अमेरिकेत, तिला सातवा महिना, डॉक्टरांनी विमानाला साफ नाही म्हटलेलं. ती येणार नव्हती आणि त्यापायी ती अर्धी झाली होती. त्यात भर घातली मी. अण्णांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली, त्यांना फ्लॅश सोसायचा नाही. चमकला की ते दचकत, तोंड उघडत आणि मान मागे टाकत. मी दर दोन महिन्यांनी तिला इमानदारीने फोटो पाठवत होतो, आणि प्रत्येक फोटोत अण्णा शेवटच्या घटका मोजत होते. शेवटी एका रविवारी तिचा फोन आला. रडत होती. म्हणाली, "दादा, खरं सांग. तुम्ही माझ्यापासून काय लपवताय?"

अण्णा त्या वेळी आतल्या खोलीत दुसऱ्यांदा आमरस मागत होते. मी ते सांगितलं. तिला पटलं नाही. तिला अण्णांचा चेहरा बघायचा होता, आहे तसा.

मी खाली जाऊन फणसळकरांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "औक्षण किती दिव्यांचं?"

"एक्क्याऐंशी. कणकेचे."

"मग बाकी काही नको," ते म्हणाले.

आदल्या संध्याकाळी ते आराखडा घेऊन आले. ड्राफ्ट्समनचा आराखडा, फूट-इंचांसकट. अण्णांचा पाट कुठे, दिव्यांचं ताट किती उंचीवर. ताट खाली धरलं तर उजेड हनुवटीखालून येतो आणि माणूस राक्षस दिसतो, म्हणून छातीच्या उंचीवर. डाव्या बाजूला पांढरी चादर, म्हणजे उजेड सांडणार नाही, परत गालावर येईल. समारंभाच्या दिवशी माझ्या चुलतभावाने व्हिडिओवाला आणला होता. त्याचा हॅलोजन म्हणजे घरात लग्नाचा सूर्य, त्याच्यापुढे अण्णांचे डोळे मिटलेलेच. फणसळकर त्याच्याशी काय बोलले कुणास ठाऊक, पण औक्षणाच्या वेळी त्याने दोन मिनिटं तो दिवा बंद केला आणि नंतर स्वतःच त्यांना पाणी आणून दिलं. ट्यूब मालवल्या. सुमनने ताट उचललं. खोलीत पन्नास माणसं, आणि उजेड फक्त त्या एक्क्याऐंशी दिव्यांचा. अण्णांनी डोळे मिचकावलेसुद्धा नाहीत. फणसळकरांनी तीन फोटो काढले.

झालं. आता फक्त रोल संपायचा होता.

वाचकहो, हल्लीच्यांना हे सांगून पटत नाही, पण तेव्हा रोल संपल्याशिवाय धुवायला टाकत नसत, आणि फणसळकर तर कारण असल्याशिवाय बटण दाबत नसत. चार फोटो उरले होते. ते महिनाभर उरलेलेच होते. शैलाचा दर रविवारी फोन. शेवटी फणसळकरांनाच माझी दया आली. कॅमेरा माझ्या हातात देऊन म्हणाले, चार तुम्ही काढा आणि संपवा. संपला की तो आपोआप घरघर करत रोल गुंडाळतो. घरघर थांबली की मला आणून द्या. त्यांनी कॅमेरा दुसऱ्याच्या हातात दिल्याचं इमारतीच्या इतिहासात उदाहरण नव्हतं.

मी गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीचे दोन फोटो काढले, एका मांजराचा, आणि एक सुमनचा, ज्यात तिचं कोपर आहे. घरघर सुरू झाली. थांबली. ती जरा लवकर थांबली, पण मला काय कळणार? सेल उतरले होते, हे नंतर समजलं. मला आणून द्या, असं ते म्हणाले होते. उघडा, असं म्हणाले नव्हते. मी उघडला. भर दुपारच्या उन्हात, गच्चीवर. आत तपकिरी फिल्म जिभेसारखी पसरलेली. मी खटकन बंद केला. आणि खात्री करून घ्यायला पुन्हा उघडला.

नऊ वर्षांचा असताना मी अण्णांचं टेबलावरचं घड्याळ आत काय आहे ते बघायला उघडलं होतं. ते पुन्हा चाललं नाही. चाळीस वर्षांत एक सण असा गेला नाही की अण्णांनी चार माणसांत त्या घड्याळाची आठवण काढली नाही. फणसळकरांनी ती गोष्ट आमच्याकडे निदान पाच वेळा ऐकली असेल.

मी कॅमेरा घेऊन तळमजल्यावर गेलो. वीज गेलेली होती, ते दारातल्या उजेडात पेपर वाचत बसले होते. मी सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, किती वेळ उघडा होता. मी म्हटलं, दोनदा. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी माझ्या परीने वृक्ष झालो. मग ते उठले, आत जाऊन चहा टाकला, आणि कप माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "सेल मी बदलायला हवे होते."

रोल धुऊन आला. जेवढी फिल्म आत गुंडाळली गेली होती तेवढी वाचली होती, म्हणजे नेमके शेवटचे चार फोटो. अण्णांचे एक्क्याऐंशी दिवे गेले. टाकी वाचली.

त्या संध्याकाळी मी घरी कसं सांगायचं याची वाक्यं जुळवत बसलो होतो. अण्णा झोपाळ्यावर. बेल वाजली, फणसळकर आले. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. अण्णांसमोर उभं राहून म्हणाले, "अण्णा, माफ करा. माझ्याकडून रोल नीट बसवायचा राहिला. फोटो आले नाहीत. चूक सर्वस्वी माझी."

मी तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडे न बघता हात किंचित हलवला, फोटोच्या वेळी पोरांना गप्प करायला हलवायचे तसा. आणि मी, पन्नाशीला टेकलेला, दोन मुलींचा बाप, गप्प बसलो.

अण्णा हळहळले, पण परक्या माणसाला काय बोलणार? इमारत मात्र बोलली. ज्या माणसाने सगळ्यांना श्वास कसा सोडायचा ते शिकवलं त्याने कॅमेऱ्यात रोलच नीट घातला नाही, ही गोष्ट दोन दिवसांत चारही मजले चढली. त्यानंतर कुठल्याही साखरपुड्यात, सत्यनारायणात फणसळकर दिसले की कुणीतरी विचारायचंच, "काय फणसळकर, रोल घातलाय ना?" सगळे हसायचे. मीही हसायचो. ते तेव्हा माझ्याकडे बघायचे नाहीत. मला अवघडायला होऊ नये म्हणून बघायचे नाहीत, हे मला कळायचं, आणि तरी मी हसायचो.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी अण्णांची माफी मागून झाल्यावर ते सुमनकडे वळले आणि विचारलं, "वहिनी, एक्क्याऐंशी दिवे पुन्हा होतील का?"

सुमन म्हणाली, "भावजी, कणीक काय, आहेच घरात."

पुढच्या मंगळवारी दिवेलागणीला आम्ही पुन्हा मांडामांड केली. पाहुणे नाहीत, भटजी नाहीत, व्हिडिओवाला नाही. आम्ही तिघं, आमच्या मुली आणि फणसळकर. मुलींनी दिवे वळले, काही वाकडे झाले. अण्णांना हा सगळा प्रकार फार आवडला. एवढा वाढदिवस दोनदा कुणाचा होतो, म्हणाले. पहिल्या खेपेला ते नव्या धोतरात पुतळ्यासारखे बसले होते. आज घरचा सदरा, आणि तोंडात सुपारी. फणसळकरांनी फ्लॅश बंद केला, टायमर लावला आणि हात मागे घेतला. कॅमेरा स्वतःशी टकटक करत राहिला आणि अण्णा त्याच्याकडे बघून, लहान पोराची गंमत बघावी तसे, गालातल्या गालात हसले. खटका वाजला. उजेड कमी, म्हणून तो वाजायला आणि मिटायला नेहमीपेक्षा जरा वेळ लागला.

दोन फोटो झाले. फणसळकर कॅमेरा उचलायला वाकले.

"दिवे अजून जळतायत," अण्णा म्हणाले. "फणसळकर, तुम्ही या. बसा पाटावर."

फणसळकरांनी हसण्यावारी नेलं. मला कशाला, माझं काय आहे, असं काहीतरी पुटपुटले. अण्णांनी वय विचारलं. अठ्ठावन्न. त्याच महिन्याअखेर ते निवृत्त होणार होते, तेही आम्हाला तेव्हाच समजलं. सुमनने हिशोब केला आणि म्हणाली, मग यातले तेवीस काढून ठेवते.

"पेटलेला दिवा काढत नाहीत," अण्णा म्हणाले. पाटावरून उठले, फणसळकरांच्या दंडाला धरलं. "बस रे सदाशिव. वरचे तेवीस पुढचे."

सदाशिव हे नाव आम्ही फक्त त्यांच्या दारावरच्या पाटीवर वाचलं होतं.

ते बसले. मला तिथूनच सूचना दिल्या, फ्लॅश बंद, टायमर, बोट लांब. मी सगळं शब्दशः केलं. आयुष्यात एवढं आज्ञाधारक मी कधी वागलो नाही. सुमनने कुंकवाला बोट लावलं, आणि त्यांच्या कपाळाजवळ नेलं तेव्हा ते खाली बघत म्हणाले, "माई गेली त्याला नऊ भाऊबिजा झाल्या, वहिनी."

माई त्यांची मोठी बहीण. तिनेच त्यांना वाढवलेलं, आणि त्या तळमजल्यावरच्या जागेत दोघंच राहायची. आम्ही राहायला यायच्या आधी ती गेली होती. इतक्या वर्षांत त्यांनी तिचं नाव काढलेलं मी ऐकलं नव्हतं. आणि मी तरी कुठे विचारलं होतं? दर भाऊबिजेला ते आमच्या जिन्यात भेटत, मी 'काय, झाली का दिवाळी?' म्हणत पुढे जात असे.

सुमनने ताट उचललं, छातीच्या उंचीवर धरलं आणि स्थिर उभी राहिली. खटका वाजला.

या खेपेला रोल दोन दिवसांत संपवला. अण्णांचा फोटो मी शैलाला पाठवला आणि रविवारी फोनपाशी बसलो. फोन आला. ती म्हणाली, "डाव्या गालावर दाढीचे चार केस राहिलेत त्यांच्या. तुम्हाला कुणाला नीट आरसा धरता येत नाही का?" असं म्हणून ती हसायला लागली, आणि मग आम्ही दोघंही फोनवर पैसे जळत असताना हसत राहिलो. अण्णा पुढे तीन वर्षांनी गेले. भिंतीवर आहे तो हाच फोटो. चार केस दिसतात.

त्याच पाकिटात फणसळकरांचा फोटो होता. रोल धुऊन आला तेव्हा ते पाकीट फणसळकर स्वतःच घेऊन वर आले होते. दिवे सगळे आले होते, एकेक वात सुटी, मोजता येतील असे एक्क्याऐंशी. सुमनच्या बांगड्यांवरची नक्षी आली होती. फणसळकरांचा चेहरा तेवढा आला नव्हता. कपाळावरचं कुंकू तीन ठिकाणी होतं आणि त्याखाली सगळं ओघळल्यासारखं.

कॅमेरा हलला तर सगळंच हलतं, एकच गोष्ट हलली तर ती गोष्टच हललेली असते, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

त्यांनी फोटो दाराच्या उजेडात धरला, चष्मा वर केला, पुन्हा खाली केला.

"तुमचा हात हलला," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "माझाच हलला."